खणाचं पॅराशूट

...नाही हो रघुजी, उंदीर कुठला, मच्छरची कॉइल पडली त्यावर. काय? एका कॉइलनं इतकी भोकं? – बरं, दोन कॉइल. असं चष्म्यावरून बघू नका हो! मल्लेश्वरमात मराठी बोलणारा रफूवाला आहे कळलं म्हणून व्हाइटफील्डहून मेट्रो बदलून आलोय, आणि तुम्ही फौजदारासारखे – बरं, सांगतो. रॉकेट. दिवाळीतलं नव्हे, मी स्वतः केलेलं, पुठ्ठ्याच्या नळीचं, माझ्या कमरेएवढं. हसा, हसा. रिटायर झाल्यावर माणसानं काय करायचं, नुसत्या बागेत फेऱ्या मारायच्या? तर खालच्या टोकाला दारूची कांडी असते, तिला मोटर म्हणायचं – ती जळत वर नेते आणि शेवटी आतल्या आत असा फुत्कार सोडते, की नाक उडतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. पॅराशूट म्हणजे हा खण. काय उघडला सांगू! होसकोटेच्या पलीकडे, मोकळ्या माळावर, हिरवागार, लाल काठाचा – मी टाळ्या वाजवल्या, एकटाच. खाली आल्यावर बघतो तर चाळण. ठिणग्या.

म्हणून आता दुसऱ्या रॉकेटात बॅफल घातलाय. बॅफल म्हणजे आडोसा हो – नळीत अर्ध्या चकत्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. गरम हवा वळसे घेत वर जाते, ठिणग्या आपटून तिथंच विझतात. आणि मोटरची खोळ काढता-घालता येते, दोन आटे फिरवले की हातात! बॅफल साफ करायला बरं पडतं. आमच्या हिलासुद्धा करून दाखवलं, चार वेळा. ‘छान,’ म्हणाली आणि गवार मोडत बसली. तिला काय त्यातलं कळतंय!

साधा ब्लाउजपीस का नाही घेतला? घेणारच होतो. कपाटात ढीग आहे, एकीच्या ओटीतला दुसरीच्या ओटीत, वर्षानुवर्षं फिरतोय नुसता. पण हा वेगळा, पंच्यात गुंडाळून ठेवलेला – खरं सांगू? वेगळा ठेवलाय हे दिसलं होतं मला. पण असा तलम, घडी केली तर मुठीत मावणारा... मोह झाला. ऋचाच्या वेळी हिला दिवस गेले तेव्हा हिच्या आईनं याच खणानं ओटी भरली होती. आई गेल्या आता. हिनं तो कधी शिवलाच नाही, बत्तीस वर्षं. आणि शुक्रवारी बेळ्ळंदूरला ऋचाचं डोहाळजेवण – हिला त्याच खणानं लेकीची ओटी भरायचीय. पंधरा दिवस तेच चाललंय. कसं सांगू? मला भीती वाटते हो. ओरडेल याची नाही – ओरडणार नाही, याची.

लपवायला जागा मात्र नामी काढली – नव्या रॉकेटात, खोळीच्या मागं! पंच्यात जुना टॉवेल गुंडाळून ठेवलाय. आता तुम्ही गुरुवारपर्यंत स्वल्प मनावर घ्या, की कोणाला पत्ता नाही. सरी? चालेल ना? आणि हो, विसरेन – या रंगाचं एक रीळ द्या. हा दोऱ्याचा तुकडा नमुन्याला दिलाय हिनं. काहीतरी शिवत असते दुपारी, दोरा संपत आलाय म्हणाली.

काय, अकराच? नीट मोजा, सतरा आहेत, मी स्वतः मोजलीत. उजेडात धरा. – इथं? इथं काय? रफू झालंय? कोणी केलं? अहो, घरात आम्ही दोघंच, आणि खोळीतून मी तो आज सकाळीच –

थांबा. तो दोऱ्याचा तुकडा ठेवा बरं खणावर.

...

तोच दोरा. चार दिवस रोज दुपारी म्हणतेय, ‘सुईत दोरा ओवून द्या हो, मला दिसत नाही.’ आणि मी ओवून देतोय.

नको, पावती फाडू नका. द्या तो खण इकडे. रीळ तेवढं बांधा.