उजवा कोपरा

शोभेच्या माशांच्या दुकानात मास्तर खाद्याचा डबा घेऊन रांगेत उभे होते. पुढच्या बाई दुकानदाराशी बोलत होत्या.

"टाकीतली उजवीकडची झाडं कुजायला लागलीत."

"पाणी तिथवर पोचत नाही, काकू. फिल्टरचा पाइप डाव्या टोकाला लावा आणि तोंड उजवीकडे करा."

"ह्यांनी तो मधोमध लावलाय. खुर्चीसमोरची झाडं डुलताना दिसायला हवीत म्हणायचे. ते गेल्यापासून मी हात लावला नाही."

"आता खुर्चीत कोण बसतं?"

"कुणीच नाही. मी आपली ओट्यापाशी उभ्या उभ्या बघते."

"तिथून काय दिसतं?"

"उजवा कोपराच तेवढा."

दुकानदारानं मागे मास्तरांकडे पाहिलं. आपल्याला घाई नाही, असं मास्तरांनी त्याला खुणेनं सांगितलं.

"पाइप सरकवताना फिल्टर बंद करायचा ना?" बाईंनी विचारलं.