तिघांत एक बर्थ

बाबा : बस तरी. चहा उभ्यानं काय पितेस?

संहिता : ऑफिसला उशीर होतोय, बाबा. तुम्ही सांगा, मी ऐकतेय.

बाबा : विशाखापट्टणमला किनाऱ्यावर ठेवलीय पाणबुडी. आत जाऊन बघता येते. आमची भंगारात गेली, ही तिच्याच जातीची. एकाहत्तरच्या लढाईत मी कुठं बसायचो, ते दाखवतो तुला.

संहिता : यूट्यूबवर पाहिलीय मी.

बाबा : त्यात वास येत नाही. डिझेलचा, डाळीचा, माणसांचा. वीस-वीस दिवस आंघोळ नाही.

संहिता : हे आईला सांगून लग्न केलंत?

आई : अहो, ताटांच्या मध्ये परत कागद कोणी घातले?

बाबा : वाजतात ती.

आई : वाजू देत ना! राजेंद्रनगरमध्ये कोणता दुश्मन ऐकतोय?

बाबा : सवय आहे. चमचा पडला तरी वरच्या जहाजाला कळायचं. संहिता, वीस तारखेला निघू. तिथं दोनच दिवस. येशील?

संहिता : सुट्टीचं अवघड आहे.

बाबा : विचारलंस?

संहिता : ...हो. नाही म्हणाले.

बाबा : बरं. आणखी थोडा चहा टाकू?

संहिता : नको. निघते मी.

(अकरा महिन्यांनंतर. विशाखापट्टणम, पाणबुडीच्या आत. आई आणि संहिता.)

आई : बाप रे, किती अरुंद जागा! इथं पंच्याहत्तर माणसं?

संहिता : आणि हा एक बर्थ तिघांत. एक ड्यूटीवर गेला की दुसरा त्याच गरम बिछान्यावर. चल पुढे.

आई : थांब गं. दीड हात तरी आहे का हा?

संहिता : आई, रडतेस?

आई : चाळीस वर्षं. घरी एवढा मोठा पलंग, अन् हे भिंतीला चिकटून, अंग चोरून झोपायचे. मी तर समजत होते, मी त्यांना नावडते. एकदा भांडलेसुद्धा.

संहिता : मग?

आई : मग काय, दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मोठी उशी घेऊन आले.

संहिता : सरळ विचारायचं होतंस.

आई : तू कधी विचारलंस त्यांना काही? त्या दिवशीपण घाईतच गेलीस. दुसऱ्या सकाळी पोहे पुढ्यात ठेवले, अन् बसल्या जागीच प्राण गेला त्यांचा. जाऊ दे. सुट्टीच नव्हती, तुझा काय दोष?

संहिता : मागे लोक खोळंबलेत.

आई : खोळंबू देत. अशी का करतेस? तोंड इकडे कर.

संहिता : ही बघ बाबांची जागा. कानाला यंत्र लावून तासन्‌तास पाण्यातले आवाज ऐकायचे.

आई : इथं?

संहिता : बाबा...

आई : हळू गं, लोक बघतायत.

संहिता : बाबा, सुट्टी होती मला. मी कोणाला विचारलंच नव्हतं. दोन दिवस तुमच्याशी काय बोलायचं, तेच मला कळत नव्हतं.