काळ्या कोपऱ्यातलं वाक्य

— नाही हो, नवा लॅपटॉप नको, तेवढं सोडून बोला. त्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर भंगारात द्या म्हणून सांगितलं. भंगारात! काही जनाची नाही, मनाची नाही. मला याचीच बॅटरी बदलून हवी आहे आणि याला जोडायला एक मॉनिटर हवा आहे, एवढं साधं काम. हो, फुगलीय ती, दिसतंय मला, आंधळी नाही मी — टेबलावर ठेवला की नुसता डोलतो, बोट फिरवायची ती पट्टीसुद्धा वर उचलली गेलीय, खाली पुठ्ठा सारून ठेवते मी. म्हणूनच तर आले ना? थांबा, माझं होऊ द्या. तुम्ही तुमची वायर शोधा, माझ्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, मला सवय आहे बोलायची. आणि ते ताई-ताई नको. काकू म्हणा, मावशी म्हणा, आजी म्हणालात तरी चालेल, केस काही उन्हात पिकलेले नाहीत. ताई तेवढं नको.

कशाला लागतो म्हणजे? लागतो आपला. विजेचं बिल भरायला, सुनेला पत्र पाठवायला — आता ती पलीकडच्या खोलीतच असते म्हणा, तिला कशाला पत्र पाठवू! तुम्ही हसलात. हसा. खोटं बोलायला गेलं की माझं हे असं होतं, लगेच उघडी पडते. खरं सांगायचं तर मी यावर काहीच करत नाही. हा नुसता चालू ठेवायचा असतो. पण दुपारी आमच्याकडे वीज जाते, नेमकी चहाच्या वेळेला, आणि बॅटरी मेलेली, की हा धपकन बंद! आणि चहाच्या वेळेलाच तर तो चालू हवा असतो. म्हणून बॅटरी. दुसरं काही नाही.

माझ्या धाकट्या भावाचा आहे. आहे म्हणजे — होता. एकटाच राहायचा, दुसऱ्या गावाला, लिफ्टच्या कंपनीत नकाशे काढायचा. लग्न केलं नाही, मांजर पाळलं नाही, एक कुंडी होती तीही शेजारणीने दिलेली. गेला तेव्हा कंपनीतल्या माणसांनी त्याचं सामान खोक्यात भरून पाठवलं. भरलं कसलं, कोंबलं! त्यात याचा पडदा दाबला गेला. बघा, उजवीकडे हे काळं — शाई सांडावी तसं. आधी हे खालच्या कोपऱ्यापुरतं होतं हो. आता अर्ध्यावर आलंय. रोज उघडते आणि वाटतं, आज कालच्यापेक्षा पुढे सरकलंय. सून म्हणते, तुमचा भास आहे. भास कसा असेल? काल वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसत होतं, आज घड्याळ गेलं.

तो मॉनिटर नको, तो केवढा थोरला! माझ्या कपाटाचं दार आहे तेवढं. आणि हा वाकलेला का? मुद्दाम? बाई बाई, वाकलेल्या वस्तूलाही लोक पसंत करतात, मग माझी पाठ काय वाईट आहे. तो मधला दाखवा. हो, तोच, माशांचं चित्र लावलंय तो. मला चित्र-बित्र काही बघायचं नाही, फक्त कडेपर्यंत नीट दिसायला हवं. उजवीकडची खालची कड. तेवढी एक ओळ मावली की झालं.

सांगते ना, कुठली ओळ ते. त्याची एक खोड होती. करायचं प्रत्येक काम या लॅपटॉपमध्ये घालून ठेवायचा — कुंडीला पाणी, चष्म्याचा नंबर, चपलेचा अंगठा. वेळ झाली की टिंग वाजायचं आणि पडद्याच्या तळाला लांबलचक पाटी यायची, तिच्यावर दोन बटणं, एक ‘नंतर’ आणि एक ‘झालं’. आणि माणूस असा शिस्तीचा, की काम खरोखर पार पडल्याशिवाय ‘झालं’ दाबायचा नाही. चांभार घरी नव्हता? मग ‘नंतर’. उद्या पुन्हा टिंग. मी चेष्टा करायचे, अरे, तुला कोण तपासायला येणार आहे? तर म्हणायचा, मीच येणार आहे ना.

तर ते खोकं आलं, मी हा उघडला, उघडायचे आकडे मला ठाऊक होते, आमच्या जुन्या घराचा नंबर. उघडून बसले नुसती. घरात कुणी नाही, आधण ठेवलेलं. आणि टिंग. अंगावर काटा आला हो माझ्या! खाली पाटी — ‘ताईला फोन. आज तरी तिला’ — आणि पुढे काळं. पुढचं सगळं त्या काळ्यात.

म्हणजे मी त्याच्या कामांच्या यादीत होते. चपलेच्या अंगठ्याशेजारी. आधी रडले, मग रागावले, मग पुन्हा रडले. पूर्वी महिनोन्महिने फोन नसायचा त्याचा आणि शेवटच्या वर्षात रोज, न चुकता, चहाच्या वेळेला. मला वाटायचं, आला आता बहिणीचा उमाळा. छान गप्पा व्हायच्या आमच्या. मी त्याला सगळं सांगायचे, गळका नळ, गुडघा, खालच्यांचा कुत्रा, सुनेचं मीठ. तो ऐकायचा. मध्येच म्हणायचा, ‘ताई, ऐक ना,’ की मी म्हणायचे, थांब रे, माझं होऊ दे — आणि माझं होईपर्यंत इकडे दूध उतू जायचं नाहीतर दारावर कुणी यायचं. मग हसायचा. ‘बरं, उद्या बोलू.’ इतका निवांत माणूस! आणि गेला कसा, तर अचानक. कुणाला काही पत्ताच नाही. सगळे हेच म्हणाले, किती अचानक.

पण एक मला कळत नाही. रोज फोन करत होतास ना रे? मग ‘झालं’ दाबायला काय धाड भरली होती? रोज ‘नंतर’ का?

मीही ‘नंतर’च दाबते. ते एक बटण तेवढं उजेडात आहे, आणि ‘झालं’ दाबलं तर ते कायमचं थांबेल, ही भीती. टिंग वाजलं की मी गॅस बंद करते आणि फोनजवळ जाऊन बसते. हसू नका. एकदा खरंच वाजला! तेव्हाच्या तेव्हा! कुणीतरी मुलगी विमा विकत होती. मी तिला नळाचं सगळं सांगितलं. बिचारीने बराच वेळ ऐकून घेतलं. इतर दिवशी नाही वाजत, तर मी आपली एकटीच बोलते. फरक काय, आधीही मीच —

काय? काय म्हणताय? थांबा ना, माझं होऊ द्या, ते बॅटरीचं नंतर सांगा. त्या ओळीवर मी पुष्कळ डोकं चालवलं. ‘आज तरी तिला घरी बोलाव.’ ‘आज तरी तिला हसव.’ एकदा वाटलं, ‘आज तरी तिला माफ कर.’ पण माफ कशाबद्दल, मी काय केलंय त्याचं? सुनेने मागे म्हटलं होतं, द्या इकडे, दुसऱ्या पडद्यावर आत्ता दाखवते. मी दिला नाही. का दिला नाही? नाही दिला. पण आता काळ्याने ‘तिला’ही गिळलंय. उद्या ‘ताई’ही जाईल.

लागली का वायर? अगं बाई, आला की! त्याची कुंडी आहे ही, फोटो काढून लावलाय. किती स्वच्छ दिसतं, पानावरची धूळसुद्धा. घड्याळही आहे बघा, जागच्या जागी. वेळ झालीच आहे. बॅटरीला आत्ता हात लावू नका, जरा दम धरा, तो नळ शेवटी कसा दुरुस्त झाला ते सांगते तोवर, तो प्लंबर म्हणजे एक —

वाजलं.

तुम्ही वाचा. नको, मीच वाचते. चष्मा — हां. ‘ताईला फोन. आज तरी तिला मध्येच थांबवून रिपोर्टचं सांग.’

...

रिपोर्टचं.

नका, नका दाबू. हात काढा त्याच्यावरून. ‘नंतर’ नको आणि ‘झालं’ही नको. राहू दे तसंच.

तुम्ही मघापासून काहीतरी सांगायला बघताय ना मला? दोनदा तोंड उघडलंत, तीनदा उघडलंत. सांगा. दूध नाही, दार नाही, कुणी नाही. मी गप्प बसते.

बोला, भाऊ.