बेल वाजली की थांबायचं

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, मॅबली, हा तुझाच उद्योग! अहो, कसला उद्योग? तुम्हाला सांगते, या पेंट्रेवेन गावात आजवर झालेल्या सगळ्या खोड्या माझ्या नावावर टाका, मी हूं का चूं करणार नाही. पण ही बेल माझी नाही. म्हणजे पहिली माझी होती. दुसरी नाही. थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हीही डॅडसारखी एक भुवई वर कराल.

डॅड, म्हणजे माझा बाप ग्रिफ, जन्मभर आमच्या दरीतली बस चालवत होता. रूट बंद पडला, बस भंगारात निघाली, तर हा गेला आणि तीच बस घरी घेऊन आला! लोक नोकरी संपली की फुलं घेऊन येतात, कुत्रा पाळतात... म्हणतो, आतून आपणच घर करू, पलंग, चूल, बेसिन, सगळं, आणि झालं की भाड्याचं घर सोडून निघू, नॉर्वे, पोर्तुगाल, वाटेल तिथं. मॅम, म्हणजे आई, केव्हाच कार्डिफला वेगळी राहायला गेलीय, मग आडवं यायला उरलं कोण? मी. मला गाव सोडायचं नव्हतं. इथल्या एकेका दाराची बेल वाजवून पळालेय मी, एवढ्या वर्षांची मेहनत अशी टाकून जायची?

म्हणून मी काय केलं, भिंतीच्या पत्र्यामागे आम्ही थंडीसाठी मेंढीची लोकर भरत होतो ना, त्या लोकरीत एक बिनतारी बेल दडवली. बटण माझ्या खिशात. म्हटलं, बस झपाटलेली आहे असं वाटलं की विकेल. डॅड प्लायवूड कापतोय, मी खिशात हात घालते. टिंग.

माणूस घाबरतो ना? किंचाळतो, निदान हातातलं टाकतो? हा गृहस्थ करवत ठेवून शांतपणे पुढं गेला, दार उघडलं, जरा थांबला, दार लावलं आणि परत कापायला लागला! मी म्हटलं, डॅड, हे काय? तर म्हणे, सवय गं. बेल वाजली की थांबायचं. बस.

मी तरी किती दाबणार! बोट दुखायला लागलं. शेवटी कंटाळून ती बेल उपसून काढली, सेल काढले, मोज्यांच्या खणात टाकली. बसची मूळची बेल तर कधीच तोडली होती, तिच्या तारांचा गुंडाळा खोक्यात पडलेला.

आणि दुसऱ्या दिवशी, भर दुपारी... टिंग.

डॅडने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले. एका हातात सँडविच, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर.

आता ती सीट सांगते. सगळ्या सीटा आम्ही उपटल्या, पण डावीकडची तिसरी निघेना. तेल घातलं, ग्राइंडर लावला, ग्राइंडर जळला. डॅड म्हणाला, राहू दे, बेसिन जरा सरकवू. मी चिडून सीटवर हात आपटला, तर ती गरम. बाहेर बर्फ, आत तोंडातून वाफ निघतेय, आणि सीट अशी ऊबदार, जणू कुणीतरी आत्ताच तिच्यावरून उठलंय. वर पेपरमिंटचा वास.

वास आला तसा डॅड खालीच बसला. म्हणाला, "मिसेस प्रॉसर."

या प्रॉसरबाई रोज पेपरमिंट चघळत याच सीटवर बसायच्या, चॅपलच्या थांब्यावर उतरायच्या, समोरच्या दफनभूमीत नवऱ्याला भेटायला. उतरताना आपल्याकडे सगळेच म्हणतात तसं म्हणायच्या, 'चीअर्स, ड्राइव्ह', म्हणजे थँक्यू, ड्रायव्हर. रूट बंद पडायच्या जरा आधी, हिवाळ्यात, त्या वारल्या. आणि बसच्या शेवटच्या फेरीला, चॅपल आलं, बेल वाजली. डॅडने आरशात बघितलं, सीट रिकामी. मागे फक्त मी, वाकून चिप्स खात होते.

"मला वाटलं तूच वाजवलीस," तो म्हणाला. "मी थांबलो नाही गं."

बघा! जन्मात एकदा मी निर्दोष, आणि नेमकं तेव्हाच... डॅडचा चेहरा असा, की मला एकही विनोद सुचेना. म्हटलं, चल, सोडून येऊ त्यांना.

धुकं इतकं की बसचं नाक दिसेना. आमची भांडी मागे खणखणतायत, अर्धा ओटा हलतोय. चॅपल आलं. टिंग. डॅडने थांबवली, दार उघडलं. बस किंचित उचलली गेली, कुणी उतरलं की उचलते तशी. आणि माझ्या कानाशी, अगदी कानाशी, "चीअर्स, ड्राइव्ह."

"सावकाश हं, पाय घसरेल," डॅड म्हणाला. रडत होता. मीही, पण ते धुक्यामुळं.

झालं की नाही? संपलं? छे. डॅड दार लावणार, तेवढ्यात बस खाली दबली, कुणी चढलं की दबते तशी. मग आणखी. मग आणखी... मी म्हटलं, डॅड, दार लाव. तर दबक्या आवाजात म्हणतो, "रांग आहे गं. कसं लावू?"

तेव्हापासून बस तशीच भरलेली. माझ्या नव्याकोऱ्या गादीला सकाळी दोन खड्डे असतात. ओट्यापाशी जाताना 'जरा सरका' म्हणावं लागतं, आणि सरकतात. नॉर्वे रद्द. प्रवाशांना घेऊन परगावी कसं जायचं, म्हणतो, त्यांनी तिकीट दरीचं काढलंय! रोज दरीत खालीवर फेऱ्या, प्रत्येक थांब्यावर हळू होतो, वाट बघतो. म्हटलं, उतरव की सगळ्यांना. तर म्हणे, बेल वाजली की थांबायचं. वाजली नाही, तर कुणाला हाकलायचं नाही. बस.

गाव सोडायचं नव्हतं ना मला? आता गावच आम्हाला सोडत नाही.

शेवटी काल मी मोज्यांच्या खणातून माझी बेल काढली, सेल घातले, चॅपलपाशी हळूच दाबली. टिंग. डॅड थांबला. दार उघडलं. मी बटण मुठीत लपवून उभी.

मागून एक म्हातारा आवाज आला, "बसा, बसा, कुणी उठू नका. ग्रिफची पोरगी आहे ती."