शेंदराखालचा मासा

माझं नाव पैलं लिवा. गोविंदा सुतार. बाप सुतार, आजा सुतार, गाव इंद्रायणीच्या काठाला, इंदुरीच्या वरल्या अंगाला. गावाचं नाव मातुर लिवू नका मास्तर, पाटलाची नातवंडं अजून नांदत्यात हितं आन त्यांच्याशी माझं काय वाकडं न्हाई. पाटील गेला, त्याच्याशी बी न्हाई म्हणायला पायजे, पर म्हणवत न्हाई. तुमी तळेगावच्या शाळेतनं हितवर आलात ते भैरुबाच्या देवळातला मासा बघायला, आन पुजाऱ्यानं तुमाला सांगितलं का त्यो लय जुना, कुणी घडवला ठावं न्हाई. ठावं कसं न्हाई? घडवणारा हितं तुमच्याम्होरं बसलाय.

मुळापास्नं सांगतो. पैल्या लढाईच्या मागंपुढं लोणावळ्याला धरणं बांधली, तवा मी तिकडं कामाला गेलतो, आन काम संपल्यावर सायबांच्या बंगल्यांवर दारं-खिडक्या करीत ऱ्हायलो. त्यातला एक रेल्वेचा साहेब, त्याला मासे धरायचा लय नाद. त्यानं एक दिस मला विलायती लाकडाचा मासा दाखवला, बोटायेवढा, तोंडाला आन शेपटाला पत्र्याची पाती. दोरीनं वढला का पाती फिरत्यात, पाणी फडफडतं, मरळ माशाला वाटतं बेडूक चाललाय, का घातलीच झडप. त्यो मासा पार चेमटलेला, मोटारीच्या चाकाखाली आलता म्हणं. साहेब म्हणला असा करून दे. म्या म्हणलं देतो, त्यात काय हाय.

काय सांगू तुमाला, त्यात लय हुतं. गावाला घरी आलो आन लाकूड पांगाऱ्याचं घेतलं, हलकं, पाण्यावर तरंगणारं. पाती राकेलच्या डब्याची कातरली. पर दोन्ही पात्यांना पीळ एकाच अंगाला दिला, आन वढला तर आख्खा मासाच गरागरा फिराय लागला, दोरीला हे पीळ. साहेब हासला. मला राग आला, सायबाचा न्हाई, लाकडाचा. मग म्होरल्या पात्याला उजवा पीळ दिला आन मागल्याला डावा, ते एकमेकाला धरून ऱ्हायले आन मासा सरळ चालला. पात्याच्या मागं काचेचा मणी घातला, म्हंजी पातं अडत न्हाई. मणी धुरपदानं दिलं. धुरपदा माझी बायकू, सुदुंबऱ्याची. तिच्या माह्यारच्या गळसरीतलं मणी हुतं ते.

आता हितं नीट ऐका, समदं हितंच हाय. आमच्या घरात रीत, पडवीतनं कुठलीबी जिन्नस भायेर निघाली, नांगर असू दे का पाळणा, धुरपदा तिला बोटानं टिळा लावायची. म्हणायची, मोकळ्या कपाळानं कुणी घराभायेर जातं का? नांगराला कुकू, पर मासा पाण्यात जाणार, कुकू धुवून जाईल, म्हणून तेलात कालवून शेंदूर. पैला मासा तसाच गेला, डोळ्याच्या वर शेंदराचा ठिपका. त्याला मरळ लागली आन सायबाला वाटलं ठिपक्यानंच लागली. म्हणला, आजून मोठा लावा. धुरपदा म्हणली, त्याला सांगा टिळा हाय त्यो, गिलावा न्हाई. पर लावला तिनं. म्होरं पुष्कळ मासे केले, लोणावळ्यातलं समदं सायब भिंगरीचा मासा म्हणून मागायचे.

आता आमचा डोह. भैरुबाच्या घाटाखाली खोल पाणी, त्यात खडस मासे, मांडीयेवढाले. ते देवाचे. लाह्या टाकायच्या, हात जोडायचे, कुणी गळ टाकायचा न्हाई, आज्याच्या आज्यापास्नं. मी सायबाला डोहाचं कदी बोललो बी न्हाई. त्याला तितं आणला पाटलानं. सायबाची मोटार गावात आली तर पाटलानं दारात खुर्ची मांडली, कोंबडं कापलं, आन मोठं मासं कुटं हाइत म्हणल्यावर सोता म्होरं चालत घाटावर नेला. मी त्या दिशी औंढ्याला गाडीचं चाक बसवाय गेलतो.

खडसानं भिंगरी धरली, दोरी तोडली आन तळाला गेला. साहेब हात हालवत गेला. आन मग एक दिस सकाळी बाया धुणं घेऊन घाटावर गेल्या तर मासा उताणा तरंगत हुता, तोंडात माझी भिंगरी, भिंगरीच्या कपाळाला शेंदूर. घाटावर कुणाला इचाराय लागलं न्हाई ही कुणाची. ज्याच्या त्याच्या नांगरावर तेच बोट उठलेलं, धुरपदाचं.

चावडीवर बोलावलं. बोलावणार कोण, पाटील. मधी बसला कोण, पाटील. म्हणला, गोविंदा, देवाचा शेंदूर लावून देवाचा मासा मारलास. म्या म्हणलं, तेल्यानं तेल दिलं आन त्या तेलानं कुणी घर पेटवलं, तर तेल्याला धरता व्हय? पाटील म्हणला, सायबाला काय ठावं, त्यो परका माणूस. म्या म्हणलं, सायबाला ठावं नव्हतं, तुमाला तर ठावं हुतं ना? वाट कुणी दावली? चावडीत समदे पायाकडं बघाय लागले. समद्यांनी मोटार बघितली हुती मास्तर, समद्यांनी. एक म्हातारा तेवढा म्हणला, गोविंदा, उगी ऱ्हा. झालं. गोविंदा उगी ऱ्हायला का गावाला बरं वाटतं.

ठरलं असं, का म्या लाकडाचा खडस करून देवाला वाहायचा, आन तवर कुणी माझ्या पडवीत नांगर आणायचा न्हाई. नांगरट तोंडावर आलती, लोकं नांगर घेऊन माझ्या दारावरनं म्होरल्या गावच्या सुताराकडं चालली. तेबी सोसलं असतं. पर चैत्रातल्या हळदीकुकवाला धुरपदाला कुणी बोलावलं न्हाई. जिच्या बोटानं गावातला नांगर न् नांगर सवाशीण झाला, तिला. ती चुलीम्होरं बसून ऱ्हायली, आन ते बघून माझ्या अंगाची लाही झाली ती आजून इझली न्हाई.

मग म्या ठरवलं, देतो मासा. शिवणीचं लाकूड घेतलं, हातभर लांब खडस कोरला, खवला न् खवला. आन तोंडाला न् शेपटाला पाती बसवली, पितळेची, म्होरं उजवा पीळ, मागं डावा. धुरपदा म्हणली ह्ये काय? म्या म्हणलं, पाटलानं मासा मागितला, कसला ते सांगितलं न्हाई. मी उचलाय गेलो तर ती शेंदूर घेऊन आली. म्या म्हणलं, येवढं झालं, आता नको. ती म्हणली, घरातनं निघतंय, मोकळ्या कपाळानं जाईल का? आन लावला.

देवळाच्या मंडपात साखळीनं टांगला, नदीच्या तोंडाला. पाटलाचा वाडा घाटाच्या वरच. वारं सुटलं का पाती फिरायची, भर्रर्र करून, आन पाटील वसरीवर हुक्का वढत असला का उठून आत जायचा. का उठला ते समद्यांना कळायचं. मी दर अमुशाला जाऊन पात्यांना करंजाचं तेल द्यायचो. नांगर परत आलं, बाया परत आल्या, पर माझं मन भरायचं ते त्या आवाजानंच.

आता पाटील न्हाई, धुरपदा न्हाई, ही दुसरी लढाई बी सरली. पोरंबाळं हुईत न्हाईत त्या बाया माशाला नवस बोलत्यात, शेंदूर थापत्यात. गेल्या साली मी तेल घेऊन गेलो तर नवा पुजारी म्हणला, आबा, देवाला हात लावू नका. म्या म्हणलं, आरं, म्या घडवलाय त्यो. त्यो हासला, म्हातारा चळला म्हणला आसंल मनात. दोष हुता तवा गावाला गोविंदा सुतार बरोबर ठावा हुता, देव झाला तवा घडवणाराच न्हाई. ह्ये कसलं गाव म्हणायचं?

शेंदूर बसून बसून पाती अडकली मास्तर. वारं येतं, मासा हालत न्हाई. बायांवर माझा राग न्हाई, त्यांच्या पदरात पडू दे काय मागत्यात ते. पर तुमी लिहिताय तर लिवा, त्या समद्या थरांच्या खाली पैला टिळा हाय त्यो माझ्या धुरपदाचा हाय. आन त्यो मासा फिरायचा. येवढं लिवा, फिरायचा त्यो.