सुधाकरची दुसरी जॉयस्टिक

मंडळी, जरा पुढं सरका, मागं लोक उभे आहेत. एवढ्या उन्हात आलात. मला बोला म्हणाले, पण सुधाकरच्या फोटोला हार बघायची अजून सवय नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी त्याचा शेजारी. भिंतीला भिंत. आपल्या मुकुंदवाडीत इमारती उठल्या, माणसं वाढली, आणि तिकडं धरण आटत गेलं. नळाला पाणी आठवड्यातनं एकदा. पाण्याच्या दिवशी घर सोडायचं नाही, हा आपला शिरस्ता. नळ कधी येईल हे कोण सांगणार? तोवर सुधाकर तरुणपणीचा कॉम्प्युटर काढायचा, टीव्हीला जोडायचा, आणि माधुरीवहिनींसोबत खेळत बसायचा. तो जॉयस्टिकच्या दांडीवर, वहिनी कीबोर्डवर.

मग संधिवातानं वहिनींची बोटं आखडली. बटणं दबेनात. जॉयस्टिक एकच, तीही कडक. "तुम्ही खेळा, मी बघते," म्हणाल्या. सुधाकरला ते लई लागलं. मला म्हणाला, "एकट्यानं काय खेळायचं, विजय? तिच्या हाताला जमेल अशी दुसरी शोधतो."

किती शोधली! गुलमंडीतली दुकानं, भंगारवाले, नातेवाइकांचे माळे. आपण सगळ्यांनीच त्याला आणून दिल्या. आणि प्रत्येकाचं एकच, "बसतीय की, लाव!" तो लावायचा नाही. मीटर घेऊन एकेक तार तपासायचा. "खाचेत बसली म्हणजे चालती असं नाय. आतली तार उलटी निघाली तर कॉम्प्युटर जळेल. मग तिनं खेळायचं कशावर?" आपण हसायचो. तो पुढची उघडायचा.

शेवटी त्यानं एका मऊ दांडीच्या जॉयस्टिकच्या तारा स्वतःच बदलल्या. भिंतीवरनं हाक मारली, "जुळली रे! पाण्याच्या दिवशी ये."

"लावून बघितली का?"

"नाय. पहिल्यांदा तीच लावणार."

पाण्याच्या आदल्या दिवशी तो गेला. बसल्या जागी. देवाला एक दिवस थांबता येत नव्हतं? मला राग आलाय, मंडळी. खोटं कशाला बोलू?

काल पुन्हा पाण्याचा दिवस होता. वहिनींनी मला बोलावलं. कडक जॉयस्टिक मी जोडली, नवी त्यांनी स्वतः लावली. पडद्यावर नदी आणि दोन नावा आल्या. वहिनींनी तळव्यानं दांडी ढकलली आणि त्यांची नाव हलली. अगदी अलगद हलली. सुधाकरची जागीच उभी. दोन्ही पैलतीराला लागल्याशिवाय तो खेळ पुढं सरकत नाही. मी त्याची जॉयस्टिक घ्यायला हात पुढं केला.

वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, भावजी. ह्यांना येऊ द्या."

बाहेर नळ आला होता. हौद भरून पाणी अंगणात वाहत होतं. असल्या दुष्काळात. आम्ही दोघंही उठलो नाही.

एवढंच सांगायचं होतं, मंडळी. सगळे उभे राहू, हात जोडू. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

वहिनी, तुम्ही बसूनच राहा.