थोरल्याचा दिवा

ऐका गं बायांनो, ऐका रे पोरांनो! तो कंदील जरा बारीक करा. भुतासाठी नाही, माझ्याच डोळ्यांवर येतोय.

आपला दिव्याचा डोंगर बघितलाय ना? तिथं सगळ्यांत आधी बुद्धाच्या भिक्षूंनी गुंफा कोरली. तिच्यात बसलेला दगडी देव, तो आपला थोरला. मग वर जैनांचे मुनी आले, मग महादेव, शेवटी पीर. अमुशाला चारी ठिकाणी एकाच बुधलीतलं तेल, आणि दिवे थोरल्यापासून धाकट्यापर्यंत! एका अमुशाला गुरव, दुसऱ्या अमुशाला मुलाणी.

त्या अमुशाला पाळी कासम मुलाण्याची. तो तर तापानं फणफणलेला, शुद्ध नाही. त्याची बायको आमच्या मामंजींना, रावजी गुरवांना म्हणाली, "भावजी, आज दिवे चुकले तर हे हातचे जातील." जिवाभावाचा दोस्त तो! अंधारातच मामंजी निघाले.

आणि इथं माती खाल्ली बघा. घाईत धरली नंदीची आडवाट. ती गुंफा चुकवून थेट महादेवापाशी निघते. म्हणाले, आधी आपला महादेव उरकू, थोरला कुठं पळून जातोय!

वाटेतल्या दगडी नंदीपाशी काडी ओढली, विझली. दुसरी, विझली. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं! वर चढावं तर पुन्हा नंदी. खाली उतरावं, पुन्हा नंदी. चकवाच, दुसरं काय! मग मागनं कुणीतरी बुधली ओढायला लागलं. आणि हाक आली.

"रावजी! अरे मी बरा झालो. चल घरी."

कासम! हातात कंदील, हसत उभा. मामंजींना रडूच फुटलं. "कुठल्या वाटेनं आलास रे?"

"थोरल्याच्या."

आता ऐका हं. थोरल्याच्या वाटेनं येणारा कुणीही गुंफेतल्या उदाची राख कपाळाला लावल्याशिवाय पुढं पाऊल टाकत नाही, कासम तर नाहीच. आणि ह्याचं कपाळ कोरडं!

मामंजींनी बुधली पोटाशी धरली आणि काट्याकुट्यांतून पळाले गुंफेकडं. मानेवर गारेगार बोटं! थोरल्यापुढं आडवे पडले. "चुकलो बा, चुकलो!" काडी ओढली. लागला की दिवा!

चारी दिवे लावून उजाडताना मुलाण्याच्या घरी गेले. कासम घामानं निथळलेला, ताप उतरलेला. म्हणतो कसा, "रावज्या, नंदीपाशी ये, लवकर ये, म्हणून रात्री तुझ्या आवाजात कोण हाका मारत होतं रे? मी उठून उंबऱ्यापर्यंत गेलो होतो. तेवढ्यात हाक थांबली."

थोरल्याचा दिवा लागला तेव्हाच थांबली, अजून कधी?

नंदीची वाट अजून आहे. जवळची आहे, सोपी आहे. तुमचा देव कुठलाही असू दे, त्या वाटेनं जायचं नाही! आणि डोंगरावर कुणी ओळखीच्या आवाजात बोलावलं, तर आधी त्याचं कपाळ बघा.